कळंब ते कलकत्ता, व्हाया नववा महिना

कलकत्ता आमच्या कळंबपासून किती लांब आहे, असं कुणी विचारलं की माझा अजून गोंधळ उडतो. हसू नका. अख्खी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या पोरांना वेळ, अंतर आणि वेगाची गणितं घातली. इंदापूरहून एक गाडी सुटली, बारामतीहून दुसरी सुटली, तर त्या एकमेकींना कुठे भेटतील? उत्तर चुकलं की मी खडू फेकून मारायची, आणि माझा नेम चांगला होता. पण स्वतःच्या लेकीला कलकत्त्याहून घरी आणायची वेळ आली तेव्हा मला ना अंतर धड कळलं, ना वेळ. वर नको त्या ठिकाणी तोंड उघडलं ते वेगळंच.

लेक एकुलती एक. जावई इंदापूरचे, बँकेत नोकरीला, आणि बँकेनं त्यांना उचलून थेट कलकत्त्याला टाकलेलं. तिथं हावड्याला भाड्याचं घर होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी लेकीला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. ती तिकडे एकटी, मी इकडे. फोनवर रडून रडून माणूस किती रडणार? त्यामुळे पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं, "आई, काही झालं तरी मला इथं बाळंत व्हायचं नाही. मला घरी यायचंय." आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, तेव्हा त्यात वेगळं मागण्यासारखं काही नव्हतं. पण तिचा आवाज ऐकून मी त्याच दिवशी तयारीला लागले.

मी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं. ह्यांनी मागची खोली रंगवून घेतली. हे म्हणजे आमचे यजमान. उसाची शेती बघतात, बोलतात कमी, आणि बोलले की वाकडं. लेक ज्या पाळण्यात वाढली तो पाळणा त्यांनी स्वतः माळ्यावरून काढला, घासूनपुसून टांगला आणि एक झोका देऊन बघितला.

"अहो, रिकामा पाळणा हलवू नका!" मी ओरडले.

"तू शाळेत सांगायचीस ना, असलं काय मानायचं नसतं म्हणून?"

"शाळा सुटली आता," मी म्हटलं.

आता वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. बारामतीत मार्केट यार्डाच्या मागं मुलाकडे राहतात. आमच्या भावकीत कुणाची सून-लेक पोटुशी राहिली की वन्संना विचारल्याशिवाय पान हलत नाही. आमच्याकडे अशा बाईला किती महिने झाले असं कुणी विचारत नाही, नुसतं "कितवा?" म्हणून विचारतात. कितवा म्हणजे कितवा लागला. सहा भरून वर एक दिवस गेला की सातवा. एवढा साधा हिशेब आहे, आणि आमच्या गावात तो कुणाचा कधी चुकलेला नाही.

वन्संनी फोनवर लेकीला विचारलं, "कितवा?" आणि नियम सांगितला. सातव्यात आणा, नाहीतर नवव्यात. आठव्यात गरवार बाईनं वेस ओलांडायची नाही. सातव्यात आणायचं मी ठरवलंच होतं, पण तिकडच्या डॉक्टरांनी नेमकं सातव्यात तिला झोपून राहायला सांगितलं. उठायची परवानगी मिळाली तोवर आठवा लागला.

मी बारामतीला जाऊन वन्संसमोर बसले. म्हटलं, "वन्सं, हे काय पूर्वीसारखं राहिलंय का? पुण्याहून कलकत्त्याला विमान पावणेतीन तासांच्या आत जातं. कळंबहून पुण्याला जायला मला त्याहून जास्त वेळ लागतो. ह्याला काय प्रवास म्हणायचा?"

"आन् लांब किती हाय?"

"रस्त्यानं दोन हजार किलोमीटरच्या आसपास."

"मंग? परवास येळंवर मोजत्यात का वाटंवर?"

आता ह्याचं उत्तर द्या. मी वर्गात शंभरदा फळ्यावर लिहिलं असेल, अंतर भागिले वेळ बरोबर वेग. पण प्रवास कशात मोजायचा, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. पोटातल्या पोराला दोन हजार किलोमीटर लागतात की पावणेतीन तास लागतात?

"वाटंत नद्या किती लागत्यात?" वन्संचा पुढचा प्रश्न.

"विमानाला कसल्या नद्या, वन्सं!"

"का? इमान काय नदीला वळसा घालून जातंय व्हय?"

गरवार बाईनं नदी ओलांडताना पाण्यात नाणं टाकायचं असतं. वन्संनी रुमालाच्या गाठीत मूठभर नाणी बांधून माझ्या हातात दिली. विमानाची खिडकी उघडत नाही म्हटल्यावर त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "मनातल्या मनात टाक. आन् हिकडं आल्यावर सगळी निरंत टाक." नीरा नदी सगळ्या नद्यांच्या वतीनं नाणी घेईल, असा त्यांचा भरवसा होता.

घरी येऊन मी ह्यांना फोनवर दोन आकडे दाखवले. एक रस्त्याचा, दुसरा हवाई अंतराचा. दुसरा बराच कमी. हे चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. "गाव एक, आन् लांबी दोन कशा? कलकत्ता काय सरकतंय का?"

"अहो, विमान सरळ जातं. रस्ता वळणावळणानं जातो."

"म्हंजी बांधावरनं न जाता पिकातनं आडवं."

"हां, तसंच."

"मंग पिकाची नासाडी व्हती," असं म्हणून हे मोटर चालू करायला निघून गेले. मला कुणाशीच धड बोलता येईना.

मी शाळेत जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं दिली. सावित्रीच्या लेकी आहात, पत्रिका कसल्या बघता, म्हणून पालकांना झापलंय. पण एकदा हातचं गेलं होतं ना. उद्या आठव्यात आणली आणि काही कमीजास्त झालं, तर वन्सं काही बोलल्या नसत्या, गप्प बसल्या असत्या, आणि ते मला सहन झालं नसतं. मी माघार घेतली. नववा लागला की आणायचं ठरलं. वन्संनी बोटांच्या पेरांवर मोजून दिवस सांगितला, पाडव्याच्या पुढचा. जावयांनी तिकीट काढताना नियम वाचून दाखवला. छत्तीस आठवड्यांपर्यंत डॉक्टरांची चिठ्ठी असली की विमानात घेतात, पुढे घेत नाहीत. आठ महिन्यांचे दोनशे त्रेचाळीस दिवस धरले तर आम्ही पस्तिसाव्यात बसत होतो. मी कागदावर मांडून बघितलं, आकडे जुळत होते.

लेकीला आणायला मी एकटीच गेले. पहिलाच विमानप्रवास. कळंबहून बारामतीपर्यंत आमच्यापुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रेलर, गाणी मोठ्यानं लावलेली, बाजू द्यायचं नाव नाही. हंगाम संपत आला होता, त्यामुळे त्याला घाई असायला हवी होती, पण तो निवांत होता. पुढे पुण्यात शिरताना तर गाडी चालण्यापेक्षा थांबतच जास्त होती. विमानतळावर पोचेतो माझी कंबर धरली. आणि विमानात बसले, पट्टा कसा लावायचा ते शेजारच्या बाईंकडून शिकले, चहा आला, तो गार होऊ दिला, प्यायला घेतला तर खाली उतरायची सूचना. दीड-दोन हजार किलोमीटर कुठे गेले ते मला कळलं नाही. नद्यांची नाणी मनातल्या मनात टाकायचीही राहिली.

आमच्या घरात एक रीत आहे. कुणीही कुठंही गेलं की तिथून "पोचले" म्हणून कळवायचं. वन्सं तर तो निरोप आल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. लेक बारामतीला कॉलेजला होती तेव्हा रोज संध्याकाळी घरी पोचल्यावर आधी आत्याला फोन, मग चहा. मीही उतरल्या उतरल्या फोन लावला.

"वन्सं, पोचले."

"येवढ्यात? खरं सांग, पुण्यातच हायस ना?"

"कलकत्त्यात आहे, वन्सं. तुम्ही जेवून घ्या."

"जेवायची येळ तरी झालीय का?" त्या म्हणाल्या.

इथं आणखी एक गंमत झाली. हावड्याला लेकीच्या घरी मी हातपाय धुऊन जरा टेकले, तर बघते तो बाहेर अंधार. घड्याळात सव्वासहाच वाजलेले. मला वाटलं आभाळ आलं. लेक हसायला लागली. "आई, इथं सूर्य लवकर मावळतो. उगवतोही लवकर. कळंबला अजून ऊन असेल." मी भूगोलही शिकवलाय. पूर्वेकडे सूर्य आधी दिसतो हे मला काय सांगायचं? पण घड्याळ तेच, देश तोच, आणि कळंबला हे अजून उन्हात उभे असतील नि मी इथं दिवेलागण करतेय, हे डोक्यात बसेना. लेकीचं हसणं मात्र बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं, म्हणून मी मुद्दाम आणखी दोन-चार वेडे प्रश्न विचारले.

ती बॅग भरून तयारच होती. बॅगेत सगळ्यात वर तिची जुनी गोधडी ठेवलेली. "घरी गेल्यावर आधी मागच्या अंगणात खाट टाकून झोपणार आहे," म्हणाली. जावई दोन दिवस आम्हाला सोडायला आणि माघारी यायला मोकळे झाले होते. चिठ्ठी होती. नववा लागून दोनच दिवस झाले होते. सगळं जिथल्या तिथं.

विमानतळावर जावई बॅगा काट्यावर ठेवत होते. लेकीला उभं राहवेना, म्हणून तिला मी बाकावर बसवलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि हसून मला विचारलं, "आंटी, कितना महीना हुआ?"

आता तिनं विचारलं किती, आणि मला ऐकू आलं कितवा. मी जन्मात दुसरा प्रश्न ऐकलेलाच नाही. मी अगदी आनंदानं सांगितलं, "नौवाँ!"

"नाइन मंथ्स?"

"हां हां, नौवाँ. परसोंही लगा."

तिचं हसू गेलं. ती पुटपुटली, "नाइन इनटू फोर, थर्टी सिक्स," आणि तिनं साहेबाला हाक मारली.

महिन्याचे आठवडे चार. हे गणित मीही वर्गात किती पोरांकडून घोकून घेतलं असेल! पण नऊ चोक छत्तीस हे इथं येऊन माझ्याच लेकीच्या आडवं पडेल, असं कुणाला वाटलं होतं? साहेब आला. जावयांनी चिठ्ठी दाखवली, त्यावर पस्तीस लिहिलेलं. साहेब म्हणाला, चिठ्ठी पस्तीस म्हणते, तुमच्या मदर-इन-लॉ नऊ महिने झाले म्हणतात, ह्यातलं खरं काय? मी पुढे झाले. माझ्या मोडक्या हिंदीत समजावायला लागले, "भैया, नौवाँ लगा है. भरा नहीं. आठ भरा है, नौवाँ लगा है."

"क्या लगा है?"

"नौवाँ!"

"और भरा क्या है?"

मागच्या रांगेतला एक माणूस हसला. मला इतका संताप आला की हातात खडू असता तर त्याचं काही खरं नव्हतं. साहेब वाईट नव्हता. तो म्हणाला, डॉक्टरांशी बोलणं करून द्या. डॉक्टरांचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. पुन्हा लावला, तर कुणीतरी उचलून सांगितलं की ते ऑपरेशनमध्ये आहेत. लेक बाकावरून उठून माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, "काय झालं, आई?" तेवढ्यात आमच्या विमानाचं दार बंद झाल्याचं कळलं.

आम्ही टॅक्सीनं माघारी निघालो. तिकडचं नवीन वर्ष तोंडावर आलेलं, बाजारात खरेदीची झुंबड, टॅक्सी मुंगीच्या पायानं चाललेली. तोवर आमचं विमान निम्म्या वाटेवर गेलं असेल. पूल आला. खाली एवढी रुंद नदी, आमच्या भीमेला पूर आल्यावर दिसते तशी. लेकीनं खिडकीची काच खाली केली आणि पुढे बघतच म्हणाली, "आत्यानं नाणी दिलीत ना? टाक."

मी रुमालाची गाठ सोडली आणि सगळ्या नद्यांची नाणी एकदम भिरकावली. निम्मी कठड्याला लागून रस्त्यावरच पडली. मागच्या बसवाल्यानं हॉर्न मारला. एरवी आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो.

घरात शिरतोय तोच वन्संचा फोन. लेक येणार म्हणून त्या आमच्या कळंबच्या घरी येऊन बसलेल्या. "पोचलात का?"

"पोचलो, वन्सं."

"पुण्याला?"

"हावड्याला."

"मंग निघाला कुठनं व्हता?"

"हावड्याहून."

पलीकडून हे ओरडले, "निघाली हावड्यानं, पोचली हावड्याला! ह्ये कसलं गणित गं तुझं?" मी फोन जावयांच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

दुसरी चिठ्ठी आणायला जावई गेले, तर नव्या वर्षाच्या सुट्टीत दवाखाना आठवडाभर बंद. दवाखाना उघडला तोवर छत्तीस आठवडे खरोखरच भरले. रेल्वेनं नेऊ का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, दीड दिवसाचा प्रवास, वाटेत काही झालं तर? आता कळंब खरंच लांब गेलं होतं. विमानाच्या हिशेबानं पावणेतीन तास, रेल्वेच्या हिशेबानं दीड दिवस, आणि आमच्या हिशेबानं पोचताच येत नाही इतकं.

लेक मला कधी टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती जेवायची, औषधं घ्यायची, बॅग मात्र तिनं सोडली नाही. भरलेली बॅग दाराशी तशीच, वर गोधडी. मी रोज तिच्या बाजूनं झाडू मारायची. मला कुणावर रागवावं ते कळत नव्हतं. काउंटरवरच्या पोरीवर? वन्संवर, की त्यांचं ऐकणाऱ्या माझ्यावर? आठव्यातच आणली असती तर आज अंगणात खाटेवर असती, असं एकदा वाटायचं. मग वाटायचं, आणली असती आणि त्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलेलो असताना कळा सुरू झाल्या असत्या तर? मला आजही ते गणित सुटलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी एका पहाटे नात झाली. लेक सुखरूप, नात सुखरूप. मी नातीचं तोंड बघितलं, मग घड्याळ बघितलं. सव्वापाच वाजलेले, दवाखान्याच्या खिडकीत चांगलं कोवळं ऊन आलेलं. मी घरी फोन लावला.

"अहो, नात झाली! बुधवारी झाली बघा, सूर्य उगवल्या उगवल्या!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सूर्य कुठला? हितं अजून अंधार हाय. कोंबडं बी वरडलं न्हाय."

आणि तिथून नवा घोळ. वन्संचा फोन आला. आमच्याकडे वार बदलतो सूर्य उगवल्यावर. कळंबला सूर्य उगवला नव्हता, म्हणजे वन्संच्या मते पोरगी मंगळवारची. कलकत्त्यात सूर्य उगवला होता, म्हणजे माझ्या मते बुधवारची.

"वन्सं, पोरगी जिथं जन्मली तिथला सूर्य धरायचा की नाही?"

"आगं पर पोरगी कुठली? कळंबची का कलकत्त्याची?"

लेक अंथरुणावरून हे ऐकत होती. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

प्रश्न नुसता वाराचा नव्हता, पाचवीचा होता. बाळाच्या पाचव्या दिवशी रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात, पुढे कोरा कागद आणि पेन ठेवतात, दिवा विझू देत नाहीत. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. मंगळवारपासून मोजलं तर पाचवी शनिवारी, बुधवारपासून मोजलं तर रविवारी. त्यात आम्ही दवाखान्यातून घरी आल्यावर खालच्या मजल्यावरची बंगाली घरमालकीण वर आली. तिच्याकडून मी पाटा मागितला होता. त्यांच्या पाट्यावर टाकीनं मासा कोरलेला असतो, बाकी सगळं आपल्यासारखंच. पाटा कशाला ते कळल्यावर ती म्हणाली, पाचवा दिवस चुकीचा, सहावा बरोबर. सहाव्या रात्री विधाता लिहायला येतो. तीही कागद-पेनच ठेवते म्हणाली. मी डोक्याला हात लावला.

शेवटी ठरलं की भांडायचं नाही. शनिवारी वन्सं कळंबला मांडतील, रविवारी आम्ही इथं मांडू, सोमवारी मालकीणबाई दिवा लावतील. जिला ज्या रात्री जमेल तिनं यावं.

"पण वन्सं," मी म्हटलं, "बाळ इथं, आणि तुम्ही तिथं पाटा मांडून काय करणार?"

"आपली सटवाई हितली हाय," वन्सं म्हणाल्या. "तिला कलकत्त्याची वाट कोण दावणार? ती हितनंच निघणार. तिला आपलं घर आधी दिसाय पायजे."

"आणि दोन हजार किलोमीटर एका रात्रीत येणार कशी?" माझ्यातल्या मास्तरणीला राहवलं नाही.

"तू पावणेतीन तासात गेलीस ना? मंग! तिला काय तुझ्यासारखं काउंटरवर तोंड उघडायचं हाय?"

रविवारी सकाळी नातीला तेल लावत होते तेव्हा ह्यांचा फोन आला. लेकीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावून उशीवर ठेवला. हे सांगायला लागले. आक्का, म्हणजे वन्सं, शनिवारी दुपारीच बारामतीहून एस.टी.नं आली. मागची खोली शेणानं सारवते म्हणाली, फरशी आहे म्हटल्यावर नुसती पुसली. पाळण्याखाली पाटा मांडला. पाळणा रिकामा नको म्हणून त्यात वरवंटा निजवला, लेकीचं जुनं झबलं घालून. रात्रभर दिव्यापाशी बसून होती.

"आन् तुझं ते वह्या तपासायचं लाल पेन ठिवलंय पुढं," हे म्हणाले.

"अहो, लाल नका ठेवू! लाल पेनानं चुका काढतात."

"मंग आता काय करू? ठिवलं की."

मागून वन्संचा आवाज आला, "दे हिकडं." रात्रभर जागून घसा बसलेला. "हालो. पोचली का?"

"कोण पोचली, वन्सं?"

"कोण म्हंजी? सटवाई. रातच्याला हितनं निघालीय. पोचली का न्हाय?"

मी लेकीकडे बघितलं. काय सांगायचं? हो म्हणावं तर कशाच्या जोरावर, आणि नाही म्हणायला जीभ उचलेना. तेवढ्यात लेकीनं हात पुढे करून फोन घेतला. विमानतळावरून परत आल्यापासून ती आत्याशी हो-नाहीच्या पुढे बोललेली नव्हती. तिनं नातीच्या तेल लावलेल्या कपाळावरून बोट फिरवलं.

"पोचली, आत्या," ती म्हणाली.

"वाटंत काय तरास?"

"नाही. व्यवस्थित पोचली."

"घर बघून आलीय बरं का ती. तुझी खोली, पाळणा, समदं."

"हो, आत्या."

"मंग बरं," वन्सं म्हणाल्या. "काल सांजच्यापासनं बसलीय मी. आता दोन घास खाते."

फोन बंद झाला. लेक इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, लहानपणी रडायची तशी. मीही रडले, आणि तेलाच्या हातानंच तिचे डोळे पुसले. नात मात्र गाढ झोपली होती. मग लेक उठून बसली आणि म्हणाली, "आई, ती दाराजवळची बॅग आण. गोधडी काढ." मी बॅग उघडून गोधडी काढली आणि आम्ही तिच्यावर नातीला निजवलं.